झिरो माइलपासून दक्षिण गंगोत्रीपर्यंत

शाळेच्या भिंतीवर टांगलेला जगाचा नकाशा आठवतो का? भारत, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया अशी बाईंची छडी फिरायची. पण सगळ्यात खाली जो एक पांढरा, वेडावाकडा पट्टा असायचा, तिथपर्यंत ती क्वचितच जायची. काही नकाशांत तर तिथं चक्क छापखान्याचं नाव असायचं! तो पट्टा म्हणजे अंटार्क्टिका. भारत आणि चीन हे दोन्ही देश एकत्र केले तरी त्याच्याएवढे होत नाहीत, आणि त्याच्यावर बर्फाचा जो थर आहे तो सरासरी दोन किलोमीटर जाडीचा.

३ डिसेंबर १९८३ रोजी गोव्याहून 'फिनपोलारिस' नावाचं जहाज या पांढऱ्या पट्ट्याच्या दिशेनं निघालं. ही भारताची तिसरी अंटार्क्टिका मोहीम. जहाजावर शास्त्रज्ञ, लष्कराचे इंजिनिअर आणि जवान मिळून ८१ माणसं होती. मोहिमेचे नेते डॉ. हर्ष गुप्ता. आधीच्या दोन मोहिमांत एकही बाई नव्हती. या वेळी दोन होत्या. एक कोलकात्याच्या भूशास्त्रज्ञ डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता आणि दुसऱ्या सागरशास्त्रज्ञ डॉ. अदिती पंत. अदितीताईंचा जन्म ५ जुलै १९४३ चा, आणि तो झाला आपल्या नागपुरात!

आमच्या मंडळाच्या बैठकीत मी हे सांगितलं तेव्हा तिळगुळाच्या वड्या वळणारे हात थांबले. "नागपूरची? अन् समुद्राची शास्त्रज्ञ? बाप्पा!" असं एकीच्या तोंडून निघालंच. तिचं बरोबरच होतं म्हणा. आपण देशाच्या अगदी पोटात राहणारे लोक. झिरो माइलच्या खांबापाशी उभं राहून कुठल्याही बाजूला तोंड केलं तरी समुद्र काही दिसायचा नाही. मुंबईला जायचं तर रात्रभर गाडीत बसावं लागतं. आपल्याकडच्या किती बायकांनी पहिल्यांदा समुद्र पाहिला तो लग्नानंतरच, एखाद्या सहलीत, साडी घोट्यापर्यंत उचलून!

आता लगेच कुणी म्हणेल, ती मोठ्या घरची होती, तिला काय अडचण? हे खरंच आहे आणि ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. अदितीताईंचे वडील म्हणजे अप्पासाहेब पंत. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांचे चिरंजीव. सूर्यनमस्काराचा प्रसार करणारे, चित्रं काढणारे, गांधीजींच्या सल्ल्यानं आपल्या रयतेच्या हाती कारभार देणारे ते हेच राजे. (ज्या किर्लोस्करवाडीतून १९३० साली 'स्त्री' मासिक निघालं, ती वाडीही याच औंध संस्थानातली, हे जाता जाता सांगितल्यावाचून राहवत नाही.) अप्पासाहेब पुढे भारताचे राजदूत झाले. नैरोबी, इंडोनेशिया, नॉर्वे, इजिप्त, लंडन असं ते देशोदेशी राहिले. आई नलिनीताई डॉक्टर. म्हणजे मुलीनं शिकावं की नाही, हा प्रश्नच त्या घरात नव्हता. आपल्याकडे मात्र दहावीनंतर तालुक्याला पाठवायचं म्हटलं तरी घरात आठ दिवस बोलणी चालतात.

तरी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. घर मोठं असलं तरी परदेशात सागरशास्त्र शिकण्याचा खर्च घरच्या खिशाला झेपण्यासारखा नव्हता. अदितीताई अमेरिकेला गेल्या त्या शिष्यवृत्तीवर. नाव आणि घराणं सोबत होतं, पण फी भरली ती गुणांनी.

आणि हे सगळं सुरू झालं कशावरून, तर एका पुस्तकावरून. पुण्याला बी.एस्सी. झाल्यावर त्यांच्या हाती अलिस्टर हार्डी या इंग्रज शास्त्रज्ञाचं 'द ओपन सी' हे पुस्तक पडलं. हार्डी स्वतः १९२५ ते २७ या काळात 'डिस्कव्हरी' जहाजावरून अंटार्क्टिकाच्या समुद्रात जाऊन आलेले. देवमासे काय खातात याचा शोध घ्यायला हे जहाज गेलं होतं. समुद्रातले डोळ्यांना न दिसणारे जीव हार्डींनी स्वतःच्या हातानं रंगवून त्या पुस्तकात घातले होते. पुस्तक वाचून त्या अक्षरशः भारावून गेल्या. मग हवाई बेटांवरच्या विद्यापीठात सागरशास्त्राची एम.एस्. झाली, आणि लंडनच्या वेस्टफिल्ड कॉलेजात समुद्री शेवाळांवर पीएच.डी. झाली. पुढे प्रा. एन. के. पणिक्कर यांच्याशी गाठ पडली आणि त्या भारतात परतल्या. पणिक्कर म्हणजे गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे संस्थापक. या संस्थेत अदितीताईंनी सतरा वर्षं काम केलं.

त्यांचं काम नेमकं काय होतं? मी कला शाखेची, त्यामुळे मला समजलं तसंच सांगते. पावसाळ्यानंतर अंबाझरीच्या किंवा फुटाळ्याच्या काठाला पाणी हिरवट दिसतं ना? ओंजळीत घेतलं तर काही दिसत नाही, पण सगळं मिळून हिरवं दिसतं. ती सूक्ष्म शेवाळं असतात. तशाच अतिसूक्ष्म वनस्पती समुद्राच्या पाण्यात तरंगत असतात. त्यांना म्हणतात वनस्पती प्लवक. त्यांना मूळ नाही, पान नाही, पण सूर्याच्या उजेडात आपलं अन्न त्या स्वतः तयार करतात आणि प्राणवायू सोडतात. पृथ्वीवर जेवढं हे काम चालतं त्यातलं जवळपास निम्मं समुद्रातले हे जीव करतात. म्हणजे आपण घेतो त्यातला दर दुसरा श्वास समुद्राच्या हिशेबातला म्हणायला हरकत नाही. मला तर हे वाचल्यापासून तुळशीला पाणी घालतानाही समुद्र आठवतो.

हवाईत असताना अदितीताईंचा विषय होता, कडक ऊन या प्लवकांना सोसतं का? उष्ण प्रदेशातल्या समुद्रात अगदी वरच्या थरात ऊन इतकं तीव्र असतं की त्यांचं अन्न बनवण्याचं काम मंदावतं. आपल्याकडे मे महिन्यात कुंडीतली रोपं भर उन्हात मान टाकतात, पण जाळीखाली ठेवली की तग धरतात, तसंच काहीसं. भारतात परतल्यावर वेरावळपासून कन्याकुमारीपर्यंत आणि पुढे मन्नारच्या आखातापर्यंत त्यांनी किनाऱ्याकिनाऱ्यानं काम केलं. खाड्यांतून, होड्यांतून, मच्छीमारांच्या गावांतून. अंटार्क्टिकाबद्दल आपण वाचतो, पण त्याच्या आधीची ही पायपीट कुणी सांगत नाही.

मग आला १९८३ चा डिसेंबर.

त्याच वर्षी २१ जुलैला अंटार्क्टिकावरच्या व्होस्टोक या रशियन ठाण्यावर उणे ८९.२ अंश तापमान नोंदलं गेलं होतं. पृथ्वीवरच्या ठाण्यांवर मोजलेलं हे सगळ्यात कमी तापमान. आपण इथं ४५-४६ अंशांत कूलरमध्ये पाणी ओतणारी माणसं, आपल्याला उणे ८९ म्हणजे काय हे समजणंच कठीण. अर्थात आपली मोहीम उन्हाळ्यात गेली होती. तिकडे आपल्या उलट, डिसेंबर-जानेवारीत उन्हाळा. तेव्हा किनाऱ्याजवळ पारा शून्याच्या आसपास खालीवर होतो. पण वारा सुटला की तेच शून्य अंगाला चिरत जातं. आणि त्या दिवसांत सूर्य मावळतच नाही! रात्री बारालाही लख्ख उजेड. घड्याळात पाहून झोपायचं, घड्याळात पाहून उठायचं.

तिथं पोचण्याआधी जहाजाला पृथ्वीवरचा सगळ्यात खवळलेला समुद्र ओलांडावा लागतो. दक्षिणेला चाळीस अंशांच्या पुढे मध्ये आडवी येणारी जमीन फारशी नाही, त्यामुळे वारा आणि लाटा पृथ्वीला गोल फेरी मारत राहतात. खलाशी त्याला 'गर्जणारे चाळीस' म्हणतात. जहाज असं हलतं की ताटली टेबलावर ठेवायची सोय नाही. २७ डिसेंबरला मोहीम अंटार्क्टिकाच्या काठाला लागली.

अदितीताईंचा अभ्यास त्या समुद्राचा, त्यातल्या प्लवकांचा आणि त्यांच्यावर जगणाऱ्यांच्या साखळीचा. दिसायला साधं काम. दोरीनं बाटली ठरावीक खोलीपर्यंत सोडायची, वरून वजन सोडलं की बाटलीचं तोंड मिटतं आणि तेवढ्याच खोलीचं पाणी आत येतं. ते वर काढायचं, गाळायचं, मोजायचं, लिहून ठेवायचं. पुन्हा दुसऱ्या खोलीचं. बारीक जाळी ओढून त्यात काय सापडतं ते पाहायचं. तिथं क्रिल नावाचा कोळंबीसारखा जीव असतो, मोठ्यात मोठा आपल्या करंगळीएवढा. तो प्लवक खातो आणि क्रिलला पेंग्विन, सील आणि देवमासे खातात. इतका अवाढव्य देवमासा, पण तो जगतो डोळ्यांना न दिसणाऱ्या हिरव्या कणांच्या जिवावर! हे कण किती, ते किती वेगानं वाढतात, हे कळल्याशिवाय त्या समुद्रातून किती मासळी काढावी हे कसं ठरवणार? ताक घुसळताना हात थांबवून चालत नाही, तसंच हेही काम. थंडीनं बोटं बधिर झाली तरी आकडा चुकवायचा नाही.

सुदीप्ताताईंचं काम खडकांचं. त्या गिर्यारोहण शिकलेल्या, तेही तेनसिंग नोर्गे यांच्या हाताखाली. शिरमाकर नावाचा एक डोंगराळ भाग तिथं बर्फातून उघडा पडला आहे. तो हातोडी, होकायंत्र आणि वही घेऊन त्यांनी पायाखाली घातला. पुढे त्यांनी 'अंटार्क्टिका' नावाचं पुस्तक बंगालीत लिहिलं. अशी पुस्तकं आपल्या मुलींच्या हाती मराठीतून पडायला हवीत, असं मला फार वाटतं.

खडकांवरून आठवलं. इथं आपल्या नागपूरचा थेट संबंध येतो, आणि तो मला तरी फार आवडला. भूशास्त्रात 'गोंडवन' हे नाव जगभर वापरतात. फार फार पूर्वी भारत, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका ही सगळी जमीन एकत्र होती. त्या अखंड भूमीला हे नाव दिलं आहे. आणि ते नाव आलं कुठून? आपल्या मध्य भारतातल्या गोंडांच्या मुलखावरून! ज्या गोंड राजा बख्त बुलंद शाहनं नागपूर वसवलं, त्याच मुलखावरून. म्हणजे जगातला कुठलाही भूशास्त्रज्ञ अंटार्क्टिकाबद्दल बोलायला लागला की त्याच्या तोंडी आपलंच नाव येतं.

याला पुरावा काय? एका जुन्या झाडाची पानं. ग्लॉसोप्टेरिस नावाचं, जिभेच्या आकाराच्या पानांचं हे झाड कोट्यवधी वर्षांपूर्वीच नाहीसं झालं, पण त्याच्या पानांचे ठसे दगडात राहिले. नागपूरच्या आसपासच्या खडकांतले असे ठसे १८५० च्या सुमारास स्टीफन हिस्लॉप यांनी गोळा केले. होय, आपल्या हिस्लॉप कॉलेजला ज्यांचं नाव आहे तेच. पुढे १८६१ साली या नागपुरी जीवाश्मांवर इंग्लंडमध्ये निबंध छापून आला. कामठीच्या नावानं तर खडकांचा एक प्रकारच ओळखला जातो.

आता दुसरं टोक पाहा. १९१२ साली कॅप्टन स्कॉट आणि त्यांचे साथीदार दक्षिण ध्रुवाहून परतताना उपासमारीनं आणि थंडीनं गेले. नोव्हेंबरमध्ये शोधपथकाला त्यांचा तंबू सापडला. पाय उचलत नव्हते तरी त्यांनी घसरगाडीवरून सुमारे सोळा किलो दगड ओढत आणले होते, टाकून दिले नव्हते. त्या दगडांत हीच ग्लॉसोप्टेरिसची पानं निघाली! कामठीच्या खडकात जे पान, तेच दक्षिण ध्रुवाच्या वाटेवर. उमरेडचा, वणीचा, चंद्रपूरचा कोळसा बनला तो याच जंगलांतून. त्या कोळशावर वीज बनते आणि त्या विजेवर आपला कूलर चालतो. तेव्हा अंटार्क्टिका आपल्यापासून फार लांब आहे असं कुणी म्हणालं तर तिला हे जरूर सांगा.

बायकांना तिथं जाऊ देण्याबाबत मात्र मोठमोठे देश मागे होते. अमेरिकेचं नौदल १९६९ पर्यंत बायकांना आपल्या अंटार्क्टिका ठाण्यांवर नेतच नसे. कारण काय सांगत? तिथं बायकांची सोय नाही! ओळखीचं वाटतं ना हे कारण? आपल्याकडे कितीतरी मुलींच्या शाळा याच एका कारणानं सुटल्या. शेवटी १२ नोव्हेंबर १९६९ ला सहा बायका विमानानं दक्षिण ध्रुवावर उतरल्या. पहिलं पाऊल कुणाचं यावरून वाद नको म्हणून सहाही जणी हातात हात घालून एकदम खाली उतरल्या. रशियाच्या मारिया क्लेनोव्हा मात्र १९५६ मध्येच तिथं काम करून आल्या होत्या. हे पाहिलं तर आपण तिसऱ्याच मोहिमेत दोघींना पाठवलं, तेही शोभेला नाही तर कामाला, याचा अभिमान वाटतो.

आता थोडं परिषदांविषयी. शास्त्रज्ञ परदेशी परिषदेला गेले अशी बातमी आली की आपल्याकडे "सरकारी खर्चानं फिरायला गेले" असा शेरा ठरलेला. (काही जण तसे जातही असतील, नाही असं नाही.) पण अंटार्क्टिकाच्या बाबतीत परिषद आणि मोहीम ही एकाच नाण्याची दोन अंगं आहेत. अंटार्क्टिकाचा सात-बारा कुणाच्याच नावावर नाही. सात देश हक्क सांगत होते. १ डिसेंबर १९५९ ला वॉशिंग्टनमध्ये बारा देशांनी करार केला आणि ते सगळे दावे जिथल्या तिथं गोठवले. तिथं लष्करी कारवाया करायच्या नाहीत, शांततेनं विज्ञान करायचं, असं ठरलं. पण कारभाराच्या बैठकीत मत कुणाला? तर जो देश तिथं खरोखर संशोधन करून दाखवेल त्याला. पैसा मोजून ती खुर्ची मिळत नाही.

भारताची पहिली मोहीम डॉ. कासिम यांच्या नेतृत्वाखाली ९ जानेवारी १९८२ ला तिथं उतरली. पुढच्या हंगामात दुसरी गेली. १९ ऑगस्ट १९८३ ला भारतानं करारावर सही केली आणि १२ सप्टेंबर १९८३ ला मताचा अधिकारही मिळाला. तीन महिन्यांच्या आत 'फिनपोलारिस' निघालं. या मोहिमेनं एका उन्हाळ्यात 'दक्षिण गंगोत्री' हे आपलं पहिलं कायमचं ठाणं उभं केलं आणि हिवाळाभर राहायला बारा माणसं मागे ठेवली. तेव्हा अदितीताईंच्या पाण्याच्या बाटल्या आणि सुदीप्ताताईंचे दगड हे नुसते नमुने नव्हते. त्यांच्याच जोरावर भारत त्या टेबलाशी बसून बोलत होता. नंतर २००७ मध्ये दिल्लीला आणि २०२४ च्या मे महिन्यात कोचीला या करार-देशांची बैठक आपल्याच घरी भरली.

दक्षिण गंगोत्री तरंगत्या बर्फाच्या थरावर बांधलेलं होतं. दरवर्षी वर बर्फ साचत गेला आणि ते हळूहळू गाडलं गेलं. १९९० च्या सुमारास ते सोडून द्यावं लागलं. तोवर खडकावर 'मैत्री' उभं राहिलं होतं आणि २०१२ मध्ये 'भारती' सुरू झालं.

एक गंमत सांगते. १९८४ मध्ये दक्षिण गंगोत्रीला आपलं टपाल कार्यालय उघडलं. हे कार्यालय पुढे गोव्याच्या टपाल विभागाला जोडलं, आणि गोवा येतो टपाल खात्याच्या महाराष्ट्र परिमंडळात! ५ एप्रिल २०२४ ला 'भारती'वर नवीन शाखा सुरू झाली, तिचा पिनकोड दिला आहे 'एमएच-१७१८'. आपल्या गाड्यांच्या नंबरासारखा एमएच! पत्रं वर्षातून एखादेवेळी सामानासोबत गोव्याला येतात, त्यावर अंटार्क्टिकाचा शिक्का असतो आणि छंद असलेले लोक तो जपून ठेवतात.

हे सगळं मी खोदून वाचलं त्याला एक कारण घडलं. आमच्या बचत गटातल्या एका ताईंची मुलगी, काटोलकडच्या एका गावची, बी.एस्सी. झाली. वडिलांची संत्र्याची थोडी बाग आहे. पोरीला गोवा विद्यापीठात सागरशास्त्रात एम.एस्सी. करायची आहे. घरात एकच गोंधळ. आजोबा म्हणाले, "बी.एड्. कर न, मास्तरीण होशील. समुद्रात काय ठेवलं आहे?" काका म्हणाले, "गोव्याला? पोरीला? लोकं काय म्हणतील!" आई माझ्याकडे आली. रडत नव्हती, पण पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती. "ताई, तिच्या बाबांचं मन आहे. पण हे खूळ पुढं कुठवर जाईल? ते जहाजावर पाठवतात म्हणे. चार-चार महिने. अन् लग्नाचं काय?"

मी तिला अदिती पंतांची हकिकत सांगितली तेव्हा ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "त्यांचे बाबा राजदूत होते, ताई." या एका वाक्याला माझ्यापाशी लगेच उत्तर नव्हतं. म्हणून मी तिला दुसरी हकिकत सांगितली. मंगला मणी यांची. त्या इस्रोत नोकरी करणाऱ्या, आपल्यासारख्याच घरातल्या वाटाव्यात अशा बाई. नोव्हेंबर २०१६ मध्ये त्या 'भारती' ठाण्यावर गेल्या तेव्हा वय होतं ५६! तोवर त्यांनी बर्फ पडताना कधी पाहिलाही नव्हता. तेवीस जणांच्या तुकडीत त्या एकट्या बाई. उपग्रहांकडून येणारी माहिती उतरवून घ्यायचं काम त्यांनी केलं, आणि ४०३ दिवस राहून सुखरूप परतल्या. "छप्पन?" असं म्हणून ती जरा सरळ बसली. आपल्याकडे छप्पन म्हणजे गुडघे आणि नातवंडं!

त्याआधी डॉ. कंवल विल्खू नावाच्या डॉक्टर बाई तिथला काळाकुट्ट हिवाळा काढून आल्या होत्या. हिवाळ्यात दोन महिने सूर्य उगवतच नाही, हे सांगितल्यावर आई पुन्हा घाबरली, ते सोडा.

मुलीला मात्र मी स्पष्ट सांगितलं, की एम.एस्सी. झाली म्हणजे अंटार्क्टिका, असं नसतं. गोव्यात वास्कोला राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. मोहिमा तिथून आखल्या जातात. संशोधनाचा विषय मान्य व्हावा लागतो. मग दिल्लीच्या एम्समध्ये नखशिखांत तपासणी होते, शरीराची आणि मनाचीही. त्यानंतर उत्तराखंडात औलीला इंडो-तिबेट सीमा पोलिसांकडे बर्फात चालण्या-राहण्याचं शिक्षण दिलं जातं. एवढं पार पडलं की दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाउनमार्गे विमानानं किंवा जहाजानं जायचं. अंटार्क्टिकाला व्हिसा लागत नाही, कारण तो कुणाचा देशच नाही, पण केपटाउनसाठी पासपोर्ट लागतोच. आणि फक्त शास्त्रज्ञच जातात असंही नाही. डॉक्टर, इंजिनिअर, वेल्डर, मेकॅनिक, स्वयंपाकी सगळे लागतात. हे ऐकून गटातली एक म्हणाली, "मग मला न्या, सावजी रस्सा करीन!"

बाबांचं मन मला जास्त महत्त्वाचं वाटत होतं. ते बागेतून आले, हातपाय धुतले, खाटेवर बसले. बोलणारे गृहस्थ नाहीत. मी कामठीच्या दगडातलं पान आणि स्कॉटच्या तंबूतलं पान ही गोष्ट त्यांना सांगितली. त्यांनी विचारलं, "म्हणजे ते दगड त्यांनी मरेस्तोवर सोडले नाहीत?" मी म्हटलं, नाही. ते काही वेळ गप्प बसले. मग पोरीला म्हणाले, "फॉर्मची तारीख कोणती?"

आजोबा अजून पूर्ण राजी नाहीत. वसतिगृहाचा खर्च, मुलींसाठीच्या शिष्यवृत्त्या, बँकेचं शैक्षणिक कर्ज या सगळ्याचा हिशेब मी आणि तिची आई वहीत मांडत आहोत. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला यांच्यासाठी तहसीलच्या दोन चकरा झाल्या. पासपोर्टचा अर्जही सोबतच करून ठेवा असं मी सुचवलं, म्हणजे ऐनवेळी धावपळ नको. तिची आई आता वेगळ्याच चिंतेत आहे. परवा मला फोन करून विचारत होती, "ताई, गोव्याला थंडी असते का हो? स्वेटर विणायला घेऊ, की मग पुढचं पाहून जाडच लोकर आणू?"